सोंगाच्या तोंडचे बोल कुणाचे?

रंगमंचावर खलनायक उभा करणाऱ्या नटाला त्याच्या दुष्टपणाचा जाब कोणी विचारत नाही. निळू फुले यांनी पडद्यावर जे पाटील आणि सरपंच रंगवले, त्यांच्याविषयी खेड्यापाड्यांतील प्रेक्षकांच्या मनात खरोखरीचा राग असे. परंतु राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेला हा साधा माणूस त्या पाटलांच्या पापांचा धनी आहे, असे कोणी विचारपूर्वक म्हटले नसते. नट आणि भूमिका यांतील अंतर आपण गृहीत धरतो. त्या अंतरावरच सारी नाट्यकला उभी आहे.

मात्र या गृहीताला एक अट आहे आणि ती आपण सहसा बोलून दाखवत नाही. नाटकातला खलनायक ज्याला छळतो, तोही नाटकातलाच असतो. पडदा पडला की छळणारा आणि छळला गेलेला, दोघेही एकाच ठिकाणी रंग पुसायला बसतात. आता अशी कल्पना करावी, की खलनायक तेवढा कल्पित आहे, पण त्याच्या शिव्या मात्र प्रेक्षागृहात बसलेल्या, नावगाव असलेल्या एका खऱ्या माणसाला बसत आहेत. अशा वेळी ते बोल कुणाचे मानावेत? नटाचे की सोंगाचे? हा प्रश्न मनात घोळण्याचे निमित्त तसे हलकेफुलके आहे. ते एका विनोदी नटाचे आणि त्याच्या भातावरच्या रागाचे आहे.

नायजेल एंग हा मलेशियातील क्वालालंपूर येथे जन्मलेला तरुण. त्याने अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, पुढे लंडनमध्ये संगणकीय विदेचे विश्लेषण करण्याची नोकरी केली आणि रात्री विनोदाचे एकपात्री कार्यक्रम केले. त्याने एक सोंग उभे केले आणि त्याला ‘अंकल रॉजर’ असे नाव दिले. अंगात नारिंगी टी-शर्ट, कपाळावर कायम आठ्या, घटस्फोटित, चिक्कू आणि सदा कुरकुरणारा असा हा मध्यमवयीन आशियाई काका. जुलै २०२० मध्ये या काकाने बीबीसीच्या खाद्यविभागाची एक जुनी चित्रफीत पाहून तिची टिंगल केली. त्या चित्रफितीत हर्शा पटेल ही सादरकर्ती अंडा फ्राइड राइस करून दाखवत होती. तिने भात पाण्यात उकळला, चाळणीत ओतला आणि वर नळाचे पाणी सोडले. ते पाहताच काकाने खुर्चीवर घेतलेला पाय खाली टाकला आणि ‘हायया’ असा एक हताश सुस्कारा सोडला. ही टिंगल अल्पावधीत जगभर गेली. नंतर जेमी ऑलिव्हरसारख्या प्रसिद्ध बल्लवाचार्यांनाही या काकाच्या रागाचा प्रसाद मिळाला. ऑलिव्हरने फ्राइड राइसमध्ये मिरचीचा गोड जॅम घातला होता, हा त्याचा अपराध.

ही गोष्ट वाचून वाचकांपैकी अनेकांना आपल्याच गोतावळ्यातला एखादा काका आठवला असेल. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यात मीठ कमी, जिलबीला पाक जास्त, अळूच्या फतफत्यात शेंगदाणे कच्चे, असे निकाल देणारा एक न्यायाधीश प्रत्येक मराठी घराण्यात असतोच. लोक त्याला भितात आणि त्याच्या वाक्यांवर हसतातही. फरक इतकाच, की आपला काका स्वतःच्या नावाने कुरकुरतो आणि अंकल रॉजर हे मुळात कोणीच नाही.

मराठी साहित्याला हा प्रकार नवा नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिताना सुदामा हा निवेदक घेतला आणि बंडूनाना व पांडुतात्या यांच्या संगतीने समाजाच्या खुळ्या रूढींची रेवडी उडवली. राम गणेश गडकरी कवितेत ‘गोविंदाग्रज’ झाले आणि विनोदात ‘बाळकराम’. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ मधील विडंबने ‘केशवकुमार’ होऊन लिहिली. परंतु आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण ‘ठणठणपाळ’ याचेच आहे. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी १९६४ मध्ये ‘ललित’ हे मासिक सुरू केले. त्यातील ‘घटका गेली, पळे गेली’ हे सदर ठणठणपाळ या नावाने निघे. लेखक होते जयवंत दळवी. ‘चक्र’ आणि ‘संध्याछाया’ लिहिणारा हा माणूस माणसाच्या एकाकीपणाकडे आणि विकारांकडे किती गंभीरपणे पाहत असे, हे त्या कृतींचे वाचक जाणतात. तोच माणूस ठणठणपाळ झाला, की साहित्यिकांचे मानपान, भाषणे, पुरस्कार आणि रुसवेफुगवे यांवर घाव घाली. वसंत सरवट्यांनी त्याला हातोडा दिला आणि त्या चित्राने हे सोंग वाचकांच्या मनात पक्के बसवले.

मग सोंगाची गरज का पडते? याचे एक उत्तर असे दिले जाते, की सोंग ही पळवाट आहे. मागे राहून दगड मारता येतो. हे उत्तर काही प्रसंगी खरे आहे, पण परंपरेकडे पाहिले तर ते अपुरे वाटते. संस्कृत नाटकातला विदूषक पाहावा. नाट्यशास्त्राने त्याला ठेंगणा, दंतुर आणि विद्रूप ठरवला आहे. जातीने ब्राह्मण असूनही तो संस्कृत न बोलता प्राकृत बोलतो. त्याचे सारे लक्ष लाडवांकडे असते. मृच्छकटिकातील मैत्रेय वसंतसेनेच्या वाड्याचे चौक ओलांडत जातो, तेव्हा तिथल्या स्वयंपाकाच्या दरवळाने त्याचा जीव कसा कासावीस होतो, हे आठवावे. राजाला न रुचणारी गोष्ट बोलण्याची मुभा या माणसाला मिळते, कारण त्याने आधी स्वतःला हास्यास्पद करून घेतलेले असते. दुसऱ्यावर हसण्याचा हक्क तो स्वतःवर हसू देऊन विकत घेतो.

एकनाथांच्या भारुडांत हाच व्यवहार अधिक उंचीवर गेला आहे. पैठणचा हा पंडित जोशी होतो, गोंधळी होतो, वेडी होतो, महार होतो. विद्वत्तेच्या आसनावरून जे सांगता येत नाही, ते तो आसनावरून खाली उतरून सांगतो. इथे सोंग घेणारा वर चढत नाही, खाली उतरतो. मुखवट्याच्या नीतीची पहिली कसोटी मला इथेच सापडते. सोंगाने सोंग घेणाऱ्याला लहान केले आहे की मोठे? अंकल रॉजर या कसोटीला बऱ्याच अंशी उतरतो. तो कंजूष आहे, बायकोने सोडलेला आहे, त्याचा राग त्याच्या आयुष्याच्या मानाने फारच मोठा आहे. प्रेक्षक भातावर हसतो तितकाच काकावरही हसतो.

दुसरी कसोटी ज्ञानाची आहे. टीकाकाराला विषय कळतो का? ठणठणपाळ मराठी पुस्तके, मासिके, साहित्यिकांच्या सवयी आणि संमेलनांतले राजकारण आतून जाणत होता. म्हणून त्याचा हातोडा नेमक्या खिळ्यावर बसे. काकाचा भातावरचा रागही अज्ञानाचा नाही. फ्राइड राइससाठी शक्यतो आदल्या दिवशीचा, निवून कोरडा झालेला भात घेतात. थंड होताना भातातील पिष्ट घट्ट होते, शिते सुटी राहतात आणि तापलेल्या कढईत ती खरोखर परतली जातात. नळाखाली धुतलेल्या ओल्या भाताचे पाणी आधी उडावे लागते, तोवर भात परतला न जाता वाफवला जातो. तेव्हा त्या पदार्थापुरता काकाचा निर्णय योग्य होता.

पण ‘त्या पदार्थापुरता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. भरपूर पाण्यात तांदूळ शिजवून पाणी गाळून काढणे ही काही पाश्चात्त्यांची चूक नव्हे. कोकणात त्याला ‘भात वेळणे’ म्हणतात आणि पिढ्यान् पिढ्या असाच भात होत आला आहे. आपल्या भोपाळमध्ये बिर्याणीचे तांदूळही अर्धे शिजवून निथळूनच थर लावतात. म्हणजे पाणी गाळणे हा दोष पदार्थसापेक्ष आहे. मात्र ज्याने केवळ काकाची चित्रफीत पाहिली, तो भात गाळणाऱ्या कोणत्याही बाईला हसू लागतो. सोंगाचा राग विशिष्ट असतो, प्रेक्षक त्याचा सामान्य नियम करतो. टीकाकाराच्या जबाबदारीचा हा भाग मुखवट्याने झाकला जातो, नाहीसा होत नाही.

इथे आपल्या घरच्या गोष्टीकडे वळणे भाग आहे, कारण ‘असली कोणते?’ हा प्रश्न आपल्याइतका कोणाला छळत नसेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले आणि भोपाळ राजधानी ठरली. विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला, पण नव्या मध्यप्रदेशच्या वाट्याला आलेले अनेक मराठी कर्मचारी नागपूरहून इकडे आले. काही ग्वाल्हेर-इंदूरकडून आले, काही पुढे अवजड विद्युत कारखान्यात आले. त्यांच्या बिऱ्हाडांबरोबर नागपूरचा वडाभात आला, ग्वाल्हेरच्या सरदारी घरांतले मसाले आले, इंदूरचे पोहे आले. हे पोहे वाफेवर मऊ राखलेले, त्यात बडीशेप, वर शेव आणि जिरावण, शेजारी जिलबी. पुण्याचा पाहुणा ते पाहून चकित होतो आणि ‘हे कसले पोहे?’ असे विचारतो. ओले खोबरे नाही, लिंबाची फोड आहे तर शेवेने झाकली आहे. साबुदाण्याच्या खिचडीवर फराळी चिवडा घातलेला पाहून तर त्याचा पाय खुर्चीवरून खाली यायचाच बाकी राहतो.

भाषेचेही तेच. ‘मी जाऊन राहिलो आहे’ हे वाक्य नागपूरकडच्या घरांत सहज येते आणि हिंदीच्या शेजाराने ते अधिकच पक्के होते. पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांत त्यावर हशा पिकतो. आपल्यापैकी अनेकांची मुले त्या हशाला भिऊन सुटीत मराठी बोलेनाशी झाली आणि पुढे घरीही बोलेनाशी झाली. हे कोणी वाईट हेतूने केले नाही, थट्टेनेच केले. ज्या घरांनी सत्तर वर्षे अशी थट्टा सोसली, त्यांना टीकेचा परिणाम समजावून सांगण्याची गरज नाही. चुकीचा भात सुधारता येतो. भात करण्याचेच सोडून दिले, तर सुधारायला काही उरत नाही.

नाव आणि वस्तू यांच्या नात्याचा विचार करताना आपल्या हबीबगंजचे उदाहरण लक्षात येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्थानकाचे नाव राणी कमलापती झाले. पाटी बदलली, इमारतही नवी झाली, पण दहा नंबर मार्केटला जाणारा कितीतरी माणूस अजून ‘हबीबगंज’ असेच म्हणतो आणि गाडी चुकत नाही. पदार्थांचे याच्या उलट होते. नाव तेच राहते आणि आतली वस्तू प्रवास करते. पोहे हा शब्द रत्नागिरीत, नागपुरात आणि इंदुरात तीन वेगळ्या गोष्टी सांगतो आणि तिन्ही खऱ्या असतात. ज्याला हे मान्य आहे, त्याने टीका अवश्य करावी. फक्त तिचा पत्ता नेमका लिहावा.

तिसरी कसोटी अशी, की घाव कोणावर आहे आणि त्याला उत्तर देता येते का? शिमग्याला आपल्याकडे शिव्यांची मोकळीक असे. परंतु त्या मोकळिकीला तिथीची मर्यादा होती. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून माणसे पुन्हा एकमेकांच्या ओसरीवर बसत. ‘ललित’मध्ये ठणठणपाळाचा घाव बसलेला लेखकही त्याच साहित्यवर्तुळात वावरे, त्याला लेखणी होती, मान होता, चाहते होते. आजच्या चित्रफितीला मात्र धुळवडीनंतरची अंघोळ नाही. ती वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा पाहिली जाते आणि ज्याची थट्टा झाली त्याचे नाव शोधले की तीच आधी समोर येते. ऑलिव्हरसारख्या नामांकित माणसाला याने काही होत नाही. वाहिनीसाठी पदार्थ सादर करणाऱ्या तरुणीची गोष्ट निराळी. एंगच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की त्याच वर्षी तो हर्शा पटेलला भेटला आणि दोघांनी मिळून चित्रफीत केली. थट्टा झालेल्या माणसाला समोरासमोर बोलण्याची जागा देणे, हे सोंगाने केलेले उत्तम प्रायश्चित्तच म्हणावे लागेल.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो खुद्द आशियाई लोकांनीच घेतला. एंग स्वतः ज्या तऱ्हेने बोलतो, त्याहून काकाचे इंग्रजी मुद्दाम मोडके आणि ठसठशीत केलेले आहे. स्वकीयांत हे हसणे प्रेमाचे असते, कारण प्रत्येकाच्या घरी असा काका असतो. परक्यांत गेले की त्याच हसण्याचा अर्थ पालटतो, कारण ते काकाला ओळखत नसतात, फक्त त्याच्या उच्चारांना ओळखतात. विदूषकाचे प्राकृत ऐकून हसणाऱ्या राजसभेत प्राकृत बोलणारी दासीही उभी असे, तिला काय वाटत असेल? नागपुरी वळणाची नक्कल नागपूरकराने नागपुरात करणे आणि दुसऱ्याने पुण्यात करणे, यांत आपण जो फरक मानतो, तोच हा आहे.

चौथी आणि सर्वांत कठीण कसोटी उत्तरदायित्वाची. या बाबतीत सरकारी सेवेतील माणसाला थोडेफार बोलण्याचा अधिकार असावा, कारण त्याचे आयुष्यच एका मुखवट्यामागे गेलेले असते. मंत्रालयातून निघणाऱ्या आदेशाखाली ‘मध्यप्रदेश के राज्यपाल के नाम से तथा आदेशानुसार’ असे छापलेले असते आणि त्याखाली एका अवर सचिवाची सही असते. ज्याची बदली झाली, ज्याचा अर्ज नामंजूर झाला, त्याला राज्यपाल भेटत नाहीत. भेटते ती सही. हा मुखवटा आवश्यक आहे. निर्णय व्यक्तीच्या रागालोभातून नव्हे, पदाच्या कर्तव्यातून झाला, अशी ग्वाही तो देतो. परंतु तोच मुखवटा ‘मी काय करणार, आदेश वरून आला’ असे म्हणण्यासाठीही वापरता येतो. दोन्ही वेळी शब्द तेच असतात. फरक एवढाच, की पहिला अधिकारी विचारल्यावर निर्णयाची कारणे स्वतःच्या तोंडाने सांगू शकतो, दुसरा सांगू शकत नाही. पदाच्या आड राहून केलेल्या कामाची जबाबदारी जो पदाबाहेरही घेतो, त्याचाच मुखवटा शुद्ध.

एंगच्या बाबतीत ही परीक्षा भातावर झाली नाही, सत्तेपुढे झाली. जानेवारी २०२१ मध्ये त्याने माइक चेन या खाद्यभ्रमंती करणाऱ्या सहकाऱ्याबरोबर केलेली चित्रफीत काढून टाकली. चेन यांनी चीनच्या सरकारवर टीका केलेली असल्याने चिनी प्रेक्षकांत गदारोळ झाला होता. एंगने वेइबो या चिनी माध्यमावर माफीही मागितली. बड्या बल्लवांना न भिणारा काका त्या दिवशी गप्प होता. बोलला तो नट, कारण बाजारपेठ नटाची होती. पुढे मे २०२३ मध्ये त्याने चीनवर काही विनोद केले आणि वेइबोवरील त्याचे खाते बंद झाले. पहिल्या प्रसंगाला केवळ भित्रेपणा आणि दुसऱ्याला केवळ शौर्य म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण पोटापाण्याशी बांधलेल्या माणसाचे न्याय इतक्या झटपट करू नयेत. त्यातून एवढे मात्र दिसते, की सोंगाचे धैर्य सोंगाच्या मालकीचे नसते. ज्या दिवशी किंमत मोजायची वेळ येते, त्या दिवशी बिल मुखवट्याच्या नावाने येत नाही.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन. सोंगाच्या तोंडचे बोल हे सोंग घेणाऱ्याचेच असतात. मात्र ते त्याच्या नावाने बोललेल्या शब्दांसारखे तोलू नयेत. सोंगाला अतिशयोक्तीची सूट द्यावी, रागाची सूट द्यावी, उच्चारांची आणि उपमांचीही द्यावी. असत्याची सूट देऊ नये आणि ज्याला उत्तर देता येत नाही अशा माणसाला ठेचण्याची सूट तर मुळीच देऊ नये. दळवींना या उत्तराचे भय वाटले नसते, असे मला वाटते. ठणठणपाळाची निवड पुढे पुस्तकरूपाने आली आणि वाचक ती दळवींचे लेखन म्हणूनच वाचतात. मुखवटा उतरल्यावरही ते हसू टिकले, कारण त्यामागे नाकारण्यासारखे काही नव्हते.

सप्टेंबर २०२४ मध्ये एंगने क्वालालंपूरमध्ये अंकल रॉजरच्या नावाचे उपाहारगृह उघडले. फ्राइड राइस हाच तिथला मुख्य पदार्थ. इतरांच्या कढईवर चार वर्षे निकाल देणाऱ्याने आपली कढई चारचौघांत ठेवली आणि आता कोणीही पैसे देऊन त्याच्या भाताला नावे ठेवू शकतो. या गोष्टीचे मला विशेष मोल वाटते. आपल्या पंगतीतल्या काकांकडून एवढीच अपेक्षा आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सुमन धामणे या आजींनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ या नावाने पाककृती दाखवायला सुरुवात केली. सत्तरीच्या घरातली, कॅमेरा प्रथमच पाहणारी एक बाई लोकांसमोर आपली कढई घेऊन बसली. तिला नावे ठेवण्याआधी माणसाने एकदा तरी स्वतः चूल पेटवलेली असावी.

आपल्या घरातली एखादी सून किंवा नात, जिला मराठी नीट येत नाही, ती यूट्यूबवर पाहून पुरणपोळी करायला बसेल. पुरण सैल होईल, पोळी तव्यावर फुटेल. तेव्हा काकांनी काय बोलायचे ते अवश्य बोलावे, त्यांच्या थाटात बोलावे, सगळ्यांना हसवावे. नंतर मात्र बाह्या सरसावून पोळपाटाशी बसावे आणि पुरण पुन्हा कसे आटवायचे ते तिला दाखवावे.